एकही डोकं दिसू नये

शारजाच्या बाहेर एक वसाहत आहे, नाव सजा.
गावी सांगितलं की लोक हसतात,
मग विचारतात, किती वर्षांची?

तिथल्या आमच्या शेडमध्ये खलफान आला,
जीपमागे एवढासा कॅरव्हान बांधून.
दोन माणसं झोपतील, तिसऱ्यानं उभं राहावं.
रिटायर झालाय. थंडीभर वाळूत जाऊन राहणार.
म्हणाला, उताणा पडलो की
छतावरचे सगळे स्क्रू माझ्याकडे बघतात.
एकही डोकं दिसू नये.

मोजले. एकशे एकोणीस.
आधीच्या मालकानं हात पोचेल तिथे मारलेले,
पडद्यासाठी, पंख्यासाठी, उगाच.
एके ठिकाणी चार, अगदी खेटून.
त्या दिवशी त्याचं काहीतरी बिनसलं असणार.

परकार एक रात्र गुपचूप आत झोपला,
खोलीतल्या अकरा घोरण्यांपासून लांब.
सकाळी म्हणाला, विश्राम, स्क्रूंना घाम येतो रे.
बाहेरचा गारठा लोखंडातून आत उतरतो,
आपलाच श्वास त्यावर जमतो
आणि थेंब नेमका कपाळावर.

नको असलेला स्क्रू ओळखायचा कसा?
बोटाच्या पेरानं शेजारी ठोकायचं.
पोकळ वाजलं, काढ.
भरीव वाजलं तर मागे कुणीतरी टेकून उभं आहे.
माझा एक चुकला. कोपऱ्यातला, गंजका, पाऊण इंची.
तो काढला आणि पलीकडच्या कपाटानं मान टाकली.
परत लावला. माफीबिफी मागितली नाही,
पण वॉशर नवा दिला.

काहींची खाच झिजलेली, पान्याला दाद देत नाहीत.
मधे रबरबँड धरून दाबायचं, शिव्या न देता.
रिबीट तर फिरतच नाही.
त्याचं डोकं ड्रिलनं उडवायचं,
धड आतल्या पोकळीत पडतं
आणि गाडी हलली की खुळखुळत राहतं, कायमचं.
हे मी खलफानला सांगितलं नाही.

भोकात त्याच प्लायचा भुसा, फेविकॉलात कालवून.
दुसऱ्या लाकडाचा नको.
ओला असताना कळत नाही,
सुकला की परका दिसतो.

अठ्ठावीस उरले. ते काढले तर छप्पर हातात.
बाजारात झाकणं मिळाली ती पांढरीफेक,
प्लाय अक्रोडी.
रात्री व्हिडिओवर समिधाला दाखवलं.
ती म्हणाली, टिकल्या लावा की, मरून, मोठ्या.
आणि फोन वळवला आरशाकडे.
काचेच्या कडेनं टिकल्याच टिकल्या,
काही इतक्या जुन्या की रंग उडून नुसता गोंद.
मधे ती, कपाळ मोकळं, झोपायच्या वेळचं.
मी म्हटलं, बघतो.
नेटवर्क गेलं.

दुसऱ्या दिवशी पंचनं व्हिनियरच्या चकत्या पाडल्या,
टिकलीएवढ्या, रेघ रेघेला जुळवून.
परकार हाक मारायचा, दे रे एक टिकली.
मी देत होतो.

खलफाननं चपला बाहेर काढल्या,
आत जाऊन उताणा पडला. बराच वेळ.
आम्ही दाराशी, हातात चहा निवत.
मग आतूनच म्हणाला,
आता कुणीच बघत नाही.
खूश होऊन म्हणाला की कसं, कळलं नाही.
पैसे पूर्ण दिले, वर खजुराचा डबा.

एक्याण्णव स्क्रू तुपाच्या डब्यात पडून आहेत.
एक मी खोलीवर आणला.
भिंतीवर पाच भाषांत पाटी आहे, काही ठोकू नये.
त्यात आमची नाही.
पलंगाच्या डोक्याशी पिळला, वर शर्ट अडकवला.
शर्ट असतो तोवर दिसत नाही.
शुक्रवारी धुवायला काढला
की बघतो माझ्याकडे.